पाण्याला ढुशी मारणारी फ्लाय

गेल्या वर्षी जूनमध्ये आई सांगलीहून इकडे कॅनडात, आंटॅरिओत राहायला आली होती. एका रात्री जेवणं आटोपल्यावर मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, दिवा खाली ओढला आणि एका गळावर हरणाचे केस बांधायला बसलो. आई चष्मा लावून बराच वेळ बघत होती. बांधून, कातरून झालं तशी म्हणाली, "एवढं बाशिंग बांधलेला किडा कुठला मासा खाणार रे?"

प्रश्न नेमका होता. माझ्या हातातली वस्तू कुठल्याच किड्यासारखी दिसत नव्हती, माशासारखीही फारशी नाही. मागे मऊ पिसांची शेपटी, मध्ये सोनेरी जर गुंडाळलेली दांडी, आणि पुढे तपकिरी केसांचं जाडजूड डोकं, दाढीच्या ब्रशासारखं. पण ते डोकं शोभेचं नसतं. पाण्यातून ओढलं की ते पाण्याला ढुशी मारतं, आणि ती ढुशी माशाला अंगावर जाणवते. गढूळ पाण्यात, रात्री, किंवा दगडाआड बसलेल्या माशाला फ्लाय दिसण्याआधी तिची ही खबर पोचते.

ज्यांनी फ्लाय फिशिंग पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. साध्या गळाला आपण गांडूळ किंवा कणकेची गोळी लावतो आणि शिशाच्या वजनाने तो लांब फेकतो. फ्लाय म्हणजे पिसं, केस आणि दोरा गळावर बांधून केलेलं खोटं आमिष. तिला वजन जवळपास नसतंच. वजन असतं ते दोरीला. लेप दिलेली जाड दोरी चाबकासारखी मागे-पुढे उलगडते आणि टोकाची फ्लाय तिच्या मागून निमूट जाते. फ्लाय जेवढी जड आणि पसरट, तेवढं फेकणं अवघड, संध्याकाळपर्यंत खांदा भरून येतो. आणि मोठ्या माशाला जाणवायचं तर ती पाण्यात भारदस्त वाटायला हवी. हवेत चिमुकली, पाण्यात दांडगी. पाणी ढकलणाऱ्या फ्लायची सगळी कारागिरी या एका भांडणातून निघाली आहे.

आता माशाची बाजू. पुढच्या वेळी बाजारातून अख्खा रोहू आणलात तर खवले काढायच्या आधी त्याची कूस नीट बघा. कल्ल्याच्या मागून शेपटीपर्यंत बारीक टिपक्यांची एक रेघ गेलेली दिसेल, हातशिलाईतल्या धावदोऱ्यासारखी. हीच पार्श्वरेखा. शाळेत माशाच्या आकृतीला बाण काढून आपण हे नाव लिहिलं, गुण मिळवले आणि विसरून गेलो.

त्यातला प्रत्येक टिपका म्हणजे खवल्यातलं एक भोक. ही भोकं आत एका बारीक नळीला मिळतात आणि नळीत थोड्या थोड्या अंतरावर पेशींचे पुंजके बसलेले असतात. पुंजक्यावर जेलीसारखी मऊ टोपी असते. बाहेरचं पाणी हललं की नळीतलं पाणी हलतं, टोपी कलते, तिच्याखालचे सूक्ष्म केस वाकतात आणि मज्जातंतूतून मेंदूला निरोप जातो. आपल्या कानाच्या आतल्या भागात ज्या प्रकारच्या केसपेशी आहेत त्याच प्रकारच्या या. आपण त्या कवटीत जपून ठेवल्या, माशाने अंगभर लावून घेतल्या.

नळीच्या बाहेर, थेट कातडीवरही असे पुंजके असतात, आणि दोघांची कामं वेगळी. कातडीवरच्यांना पाणी किती वेगाने सरकतंय ते कळतं. नळीतल्यांना तो वेग अचानक वाढला किंवा घटला की कळतं. त्यामुळे नदीचा एकसारखा प्रवाह नळीतले पुंजके जवळपास सोडून देतात आणि त्याच प्रवाहात कुणी शेपटी झटकली तर तेवढीच झटकी टिपतात. आपण पंख्याच्या आवाजात झोपतो आणि भांडं पडलं की उठतो, तसं. हे लक्षात ठेवा, फ्लाय कशी ओढायची याचं उत्तर इथेच आहे.

या इंद्रियाला मर्यादाही आहेत. त्याला कळतात त्या मंद हालचाली, सेकंदाला अगदी एकदोनपासून ते शंभर-दोनशे हेलकाव्यांपर्यंत. त्याच्या वरचं काम कानाचं. आणि पल्ला तोकडा: साधारणपणे माशाच्या स्वतःच्या लांबीच्या एक-दोन पट. हातभर लांबीच्या माशाला एक-दोन हातांवरचं कळेल. म्हणजे ढुशी मारणारी फ्लाय टाकली की तळ्यातले सगळे मासे धावत येतील असं काही नसतं. लांबून बोलावायला डोळे आणि कान लागतात. शेवटच्या दोन हातांत, तोंड उघडायचं की नाही हे ठरतं तिथे, पार्श्वरेखेचं वजन वाढतं.

इथल्या सरोवरांत मस्की नावाचा मासा आहे, पाइकचा थोरला भाऊ. दबा धरून बसतो आणि बाणासारखा सुटतो. याच्यावर झालेल्या एका प्रयोगात, २००१ साली प्रसिद्ध झालेल्या, माशाचे डोळे बंद केले तरी तो शिकारीवर झेप घेत होता. फक्त शिकार बरीच जवळ येईपर्यंत थांबत होता. त्याच वर्षी युरोपातल्या वेल्स या अजस्र मिशाळ माशावरचं काम आलं. काळोख्या टाकीत त्याने गप्पी मासे पकडले ते त्यांच्या मागे पाण्यात उरलेल्या मागावरून. गप्पी ज्या वळणाने गेला त्याच वळणाने हा मागून, आणि तो माग दहा सेकंदांपर्यंत जुना असला तरी चालत होतं. पाण्यावरची रेघ लगेच पुसली जाते असं आपण म्हणतो. वेल्सला ती दहा सेकंद वाचता येते.

मग डोकं नेमकं करतं काय? हौदात किंवा बादलीत हात घाला. पंजा उभा, करंगळीची कड पुढे करून पाणी कापा. काही विशेष वाटत नाही. आता तळवा पुढे करून तोच हात त्याच वेगाने ओढा. पाणी अंगावर येतं, पुढे फुगवटा उठतो, आणि तळव्याच्या मागे पोकळी भरायला आलेलं पाणी गरगर फिरायला लागतं. बोथट डोक्याच्या फ्लायचं हेच चालतं. पुढे दाबाचा फुगवटा, मागे भोवरे. आणि हे भोवरे सगळे एकदम सुटत नाहीत, आळीपाळीने सुटतात, एक या बाजूने, एक त्या बाजूने. त्या उजव्या-डाव्यात मागची पिसं आपोआप वळवळतात. आपण शेपटी हलवत नाही, डोक्याने फिरवलेलं पाणी ती हलवतं.

भोवरे किती वेळा सुटतात याचा एक ढोबळ हिशोब अभियंत्यांकडे आहे, तो पुलाच्या खांबालाही लागतो आणि विजेच्या तारेलाही. वेगाला रुंदीने भागायचं आणि आलेल्या आकड्याचा पाचवा हिस्सा घ्यायचा. आपल्या फ्लायचं डोकं एक सेंटिमीटर रुंद, ओढण्याचा वेग सेकंदाला तीस सेंटिमीटर. तीस भागिले एक, त्याचा पाचवा हिस्सा सहा. सेकंदाला सहा हेलकावे. पार्श्वरेखेच्या पट्ट्यात अगदी बरोबर बसणारा आकडा. डोकं लहान केलं किंवा जोरात ओढलं तर हेलकावे वाढतात. डोकं रुंद केलं, सावकाश ओढलं तर मंदावतात. केस कातरताना माझ्या डोक्यात हे गणित असतं म्हणालो तर खोटं होईल, पण कातरून झाल्यावर असतं.

या घराण्याची मूळ फ्लाय इथलीच, आंटॅरिओच्या उत्तरेतली. निपिगॉन सरोवरातून निघून सुपीरियर सरोवराला मिळणारी निपिगॉन नदी ब्रुक ट्राउट या माशासाठी प्रसिद्ध. तिच्या काठी डॉन गॅपेन या माणसाने १९३७च्या आसपास 'मडलर मिनो' बांधली. नदीच्या तळाशी स्कल्पिन नावाचा बोटभर मासा राहतो. चपटं, रुंद डोकं, पंख्यासारखे कल्ल्याजवळचे पर, आणि पोटात हवेची पिशवी नसल्याने दगडांतून धावत-थांबत सरपटणारा. मोठे ट्राउट याच्यावर जगतात. गॅपेनने त्याचं डोकं हरणाच्या केसांनी केलं. पुढे माँटॅना राज्यातल्या लिव्हिंगस्टन गावच्या डॅन बेलीने तिचं डोकं गच्च केलं, गोल कातरलं आणि फ्लाय सगळीकडे पोचवली.

गॅपेनच्या मूळ फ्लायचं डोकं विरळ होतं, चार केस इकडे, चार तिकडे. आज चित्रांत दिसतं ते मखमलीसारखं घट्ट, गुळगुळीत डोकं नंतरचं. बांधणाऱ्यांना ते घट्ट डोकं बांधण्याचं व्यसन लागतं, मलाही लागलं होतं. जेवढं घट्ट तेवढी वाहवा. पण घट्ट डोक्यात हवा जास्त, म्हणून ते तरंगतं. विरळ डोक्यातून पाणी झिरपतं, ते बुडतं आणि तळाजवळून जाताना मऊ ढुशी देतं. म्हणून पाऊस पडून नदी चहासारखी झाली की मी घट्ट डोक्याची फ्लाय लावतो. नितळ पाण्यात विरळ. उन्हाळ्यात पाणी ओसरलेलं, तळाचा खडा न् खडा दिसतोय आणि तुम्ही तिथे ब्रश ओढताय, तर मासे येत नाहीत, पळतात.

आता बांधायला बसू. गळ चार नंबरचा, लांब दांडीचा. दांडी साधारण तीन सेंटिमीटर. मागे फिरणारा उलटा दात पकडीने दाबून टाका. मासा सोडायला सोपं जातं आणि स्वतःच्या बोटात रुतला तर दवाखाना वाचतो. गळ व्हाइसमध्ये, म्हणजे तो घट्ट धरून ठेवणाऱ्या चापात, आडवा पकडायचा. ज्या बाजूला दोरी बांधतात त्या छिद्राला मी नेढं म्हणतो, सुईचं असतं तसं.

मागचा भाग पटकन सांगतो, कारण त्यात फसायला फारसं काही नाही. गळाच्या बाकाच्या जरा आधी मॅराबूचं एक पीस शेपटी म्हणून बांधा. नाव आफ्रिकेतल्या करकोच्याचं, पण दुकानात मिळतं ते टर्कीचं पीस, पाण्यात धुरासारखं हलणारं. मग दांडीवर सोनेरी जर गुंडाळत पुढे या. अस्सल मडलरला इथे खारीच्या शेपटीचे केस आणि टर्कीच्या ठिपक्यांच्या पिसाचे पंख असतात. मला ते पंख कधी दोन्ही सारखे बसले नाहीत, म्हणून मी वर आणखी एक मॅराबू बांधून मोकळा होतो. मासे अजून तक्रार घेऊन आलेले नाहीत. एक गोष्ट मात्र पाळा: हे सगळं दांडीच्या मागच्या दोन तृतीयांशात संपलं पाहिजे. पुढचा एक सेंटिमीटर नागडा ठेवा. तिथे दोऱ्याचा एक फेराही नको. केस गुळगुळीत लोखंडावरच फिरतात.

केस कोणते? हरणाच्या अंगावरचे, हिवाळी कातड्याचे. हे केस सोललेल्या तुसासारखे आत पोकळ-पोकळ असतात, हवेने भरलेल्या पेशींचे. म्हणूनच ते तरंगतात, आणि म्हणूनच दोरा आवळला की मधे दबून दोन्ही टोकांना फुलतात. भरीव केस आवळा, तो गुमान पडून राहतो. शेपटीचे केस लांब आणि दिसायला सुरेख, पण टोकांकडे भरीव, म्हणून डोक्याच्या कामाचे नाहीत. इथे शिकारीच्या हंगामात मारलेल्या व्हाइटटेल हरणाच्या कातड्याचे तळहाताएवढे तुकडे दुकानात सरळ मिळतात.

पेन्सिलच्या जाडीचा एक जुडगा कातड्यालगत कापा. आता सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम. केसांच्या बुडाशी मऊ लव असते, ती बारीक फणीने पूर्ण काढून टाका. मी उवांची फणी वापरतो. ही लव राहिली की केस एकमेकांना धरून बसतात आणि फिरतच नाहीत. माझ्या पहिल्या दहा-बारा फ्लाय एका बाजूला कललेल्या झाल्या त्या याच्यामुळे. आई बाशिंग म्हणाली ती त्यांतलीच एक. मग जुडगा उलटा करून एका नळकांड्यात टाका, टेबलावर चार वेळा आपटा, म्हणजे टोकं एका रेषेत येतील.

दोरा मजबूत हवा, शिवणाचा साधा दोरा इथे तुटतो. जाड मेणाचा नायलॉन चालतो. जुडगा दांडीवर तिरका ठेवा, टोकं मागे, म्हणजे ती नंतर गळ्यातल्या झालरीसारखी राहतील. त्याच्यावर दोऱ्याचे दोन सैल फेरे घ्या. सैल म्हणजे फक्त टेकलेले. आणि आता सावकाश खाली ओढा.

इथे घाई करू नका, एरवीही इथे बघण्यासारखं असतं. पहिल्यांदा काहीच होत नाही. मग दोऱ्याखालचे केस दबायला लागतात आणि दोन्ही बाजूंची टोकं उठतात, छत्री उघडताना उठतात तशी. अर्धी उघडली की डाव्या हाताची बोटं सोडायची. दोरा ओढतच राहायचा. केस दांडीभोवती सरकायला लागतात, खालून वर, वरून पलीकडे, आणि एका दमात चहूबाजूंनी चक्र पूर्ण होतं. कानाशी धरलं तर बारीक चरचर ऐकू येते. त्याच ओढीने तिसरा, चौथा फेरा केसांच्या मधून नागमोडी काढायचा, केस दाबून न टाकता.

माझं नेमकं इथेच बिघडायचं. एक तर दोरा झटक्याने ओढायचो, तो तुटायचा, नाही तर घाबरून सैल सोडायचो आणि सगळं डोकं दांडीवर भोवऱ्यासारखं फिरत राहायचं. आई दोन-तीन वेळा बघून म्हणाली, "अरे, गजऱ्यासारखं धर की. कळी चिरडायची नाही आणि घसरायची पण नाही. ओढ एकसारखी ठेव, हाताला कळतं." तिने आयुष्यात हजारो गजरे केले असतील. तिच्या हाती बॉबिन, म्हणजे दोऱ्याचं रीळ धरायचं साधन, दिली. पहिलाच जुडगा असा फिरला की मी गप्प बसलो. पुस्तकांत दोऱ्याच्या ताणाचे आकडे असतात, त्यापेक्षा तिचं वाक्य मला जास्त उपयोगी पडलं.

जुडगा बसला की अंगठ्याने आणि बोटाने तो मागे रेटा. यासाठी विकतचं साधन मिळतं, मी रिकाम्या बॉलपेनची नळी वापरतो. ती नेढ्यावरून घालून मागे दाबायची. मग पुढे दुसरा जुडगा, याची टोकं आधीच छाटून टाका, झालर एकच पुरे. घट्ट डोकं हवं तर तिसरा. विरळ हवं तर दोनवर थांबा आणि रेटू नका. नेढ्याच्या मागे दोन मिलिमीटर जागा सोडणं सगळे विसरतात, मी अजूनही विसरतो. जागा नसली की शेवटची गाठ नेढ्यावरच येते आणि नदीकाठी गार बोटांनी दोरी ओवताना आपल्याला आपलीच आठवण येते. गाठीवर गोंदाचा एक थेंब.

आता तुमच्यापुढे चेहरा नसलेला साळिंदर आहे. कात्री ठेवा, दाढीचं दुधारी पातं घ्या. कागदाच्या वेष्टणात असतानाच ते मधून मोडा आणि अर्ध्या पात्याच्या एका कडेला चिकटपट्टी लावा. सुरुवात पोटापासून. नेढ्यापासून मागे, दांडीला समांतर, एका सपाट कापात पोट काढून टाका. मग दोन्ही बाजू, शेवटी पाठ. वरून बघितलं तर डोकं रुंद, बाजूने बघितलं तर चपटं, स्कल्पिनसारखं. समोरचा भाग टोकदार करू नका. टोकदार डोकं पाणी कापतं, आणि आपल्याला ते ढकलायचं आहे. मागची झालर मात्र पात्यापासून जपा.

पोट सपाट का, ते मला एका उन्हाळ्यात महागात पडून कळलं. ग्रँड नदीवर संध्याकाळच्या सात धडका मिळाल्या, सात, आणि एकही मासा लागला नाही. मी दोरीला, माशांना आणि नशिबाला दोष देत घरी आलो. दिव्याखाली फ्लाय धरली तर गळाचं टोक आणि दांडी यांच्यामधली जागा केसांनी भरलेली. माशाने तोंडात घेतलं होतं ते ब्रश, गळ नव्हे. तेव्हापासून पोटाचे केस मी निर्दयपणे काढतो. भोवरे थोडे कमी होत असतील, होऊ देत.

कातरून झालं की किटलीच्या वाफेवर फ्लाय दहा सेकंद धरा, चिमट्याने, बोटांनी नाही. दबलेले केस उभे राहतात, दडून बसलेले वर येतात. पुन्हा एकदा हलक्या हाताने कातरा. दुसऱ्या कातरणीत डोक्याला खरा आकार येतो.

डोळे लावायचे की नाही? दुकानात चमचमते, बाहुलीसारखे डोळे मिळतात. गढूळ पाण्यातल्या माशाला त्याचं किती पडलेलं असतं देव जाणे, फ्लायची डबी उघडून मित्राला दाखवताना मात्र बरे दिसतात.

भारतातले वाचक विचारतील म्हणून सांगतो: आपल्याकडे चितळ, सांबर यांचे केस वापरायचा विचारही करू नका. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली हे प्राणी संरक्षित आहेत आणि त्यांच्या अंगाचा भाग बाळगणं हा गुन्हा ठरतो. रानकोंबड्याच्या पिसांचंही तसंच. सह्याद्रीत ओरडणाऱ्या आपल्या करड्या रानकोंबड्याच्या मानेची, मेणाच्या थेंबासारखी ठिपक्याची पिसं ब्रिटिशांच्या सामन माशासाठीच्या फ्लायमध्ये डोळ्यासारखी लावत. आता त्याला हात लावायचा नाही. केसांऐवजी मेंढीची लोकर घ्या. धनगर ज्या लोकरीची घोंगडी करतात ती जाडी-भरडी, ताठ लोकर या कामाला बरी. लोकर पोकळ नसते, त्यामुळे ती फिरणार नाही. लहान लहान पुंजके एकदा दांडीच्या वर, एकदा खाली बांधत पुढे यायचं, फणीने विंचरायचं आणि तसंच कातरायचं. लोकर पाणी पिते, म्हणून फ्लाय बुडते, फेकायला थोडी जड होते, पण ढुशी झकास देते. मरळसाठी वर तरंगणारी हवी असेल तर जुन्या स्लिपरचा फोम डोक्याच्या आकाराचा कापून लावा. मरळ गढूळ तळ्यात, गवताच्या कडेला, वर खळबळ झाली की झेप घेते. एवढंच बघा की पाण्यावर लालसर पिल्लांचा घोळका फिरत नाही ना. त्याच्या खाली आई-बाप राखण करत असतात, आणि अशा वेळी ते कशावरही तुटून पडतात. तेव्हा गळ टाकणं बरं नाही.

नदीवर जाण्याआधी फ्लाय घरीच तपासता येते. न्हाणीघरातला टब चार बोटं भरला, पाणी शांत होऊ दिलं, आणि आईने त्यावर भरड मिरपूड भुरभुरली, पाण्यावर रांगोळी काढताना भुरभुरतात तशी. मी फ्लाय ओली केली, पिळून हवा काढली आणि पृष्ठभागाच्या जरा खालून ओढली. डोक्याच्या जरा पुढे मिरपूड सरकायला लागली, फ्लाय तिथे पोचायच्या आत. आणि मागे दोन्ही बाजूंना मिऱ्यांची लहान लहान वेटोळी सुटत गेली, एक इकडे, एक तिकडे. मग जुनी, टोकदार डोक्याची फ्लाय ओढली. मिरपूड नुसती दुभंगली आणि परत मिळाली.

"थांबव मधेच," आई म्हणाली.

थांबवली. आणि मागून येणारं पाणी थांबलं नाही. ते फ्लायला गाठून पुढे निघालं, मॅराबूची शेपटी उलटी होऊन डोक्याकडे झुकली, झालर फुलली, आणि एक क्षण सगळी फ्लाय दचकल्यासारखी दिसली. मग हळूच तरंगत वर आली. वेग एकदम तुटणं, नळीतले पुंजके ज्याची वाट बघत असतात ते, हेच. म्हणून नदीवर एका लयीत ओढू नका. दोन छोट्या ओढी, मग थांबा. पुन्हा एक लांब ओढ, थांबा. मला मिळालेल्या बहुतेक धडका ओढताना नाही, थांबताना मिळाल्या आहेत, आणि त्यांतल्या निम्म्या हुकल्या, कारण थांबताना मी दोरी सैल सोडून मान खाजवत होतो. थांबताना दोरी बोटाखाली दाबून धरा.